जावई नावाचा पोपट

पोपटांतली मोठी मेली त्या सकाळी तारवालीण अंगणात तार सरळ करत होती. गुंडाळीतून सुटलेली तार कधी सरळ नसते. ओंडक्यात ठोकलेल्या खिळ्यांच्या दोन रांगांमधून तिला ओढून काढावं लागतं. टोक पकडायचं आणि अंगाचा भार मागे टाकत अंगणाच्या कुंपणापर्यंत मागे मागे जायचं. तळहाताला चामड्याचा तुकडा बांधला तरी संध्याकाळी बोटं पुरती मिटत नाहीत. त्यात उन्हाळा असा, की सकाळचं काम उरकता उरकता तार हाताला भाजायला लागायची.

"अगं ए," सासूने दारातून हाक मारली. "इकडे ये. आणि येताना हात धुऊन ये."

हात धुऊन ये, हे कशासाठी ते तारवालिणीला कळलं. आठवड्यापूर्वी थोरला पोपट मेला होता. तेव्हा सासू काही बोलली नव्हती. पण त्या दिवसापासून पोपटांच्या वाटीला हात लावायला ती सुनेला देत नव्हती.

पिंजरा दारातल्या हुकाला टांगलेला होता. मोठी तळाच्या ट्रेमध्ये कुशीवर पडली होती, पाय आखडलेले, एक डोळा अर्धवट उघडा. तिसरा पोपट, ज्याला सासू जावई म्हणायची, तो कोपऱ्यात अंग फुगवून बसला होता. जावई नाव पडलं ते त्याच्या वागण्यामुळे. तो मागाहून आला, आल्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी वाटीवर बसला आणि पोट भरलं की इतरांकडे पाठ फिरवून मान ताठ करायचा. "आला बाई जेवायला," असं सासू म्हणाली की तो शीळ घालायचा. आता तो शीळ घालत नव्हता.

"काय घातलंस तिला?" सासूने विचारलं.

"मी कुठं काय घातलं, आई? तुम्हीच दाणे घालता."

"पालक कोणी आणला?"

थोरला जायच्या आधी पालक तारवालिणीनेच आणला होता, कालव्याच्या कडेच्या मळ्यातून. सासूला दाणे निवडताना दिसत नाही, म्हणून पाला आपणच धुऊन घालावा, एवढाच विचार. धुतला होता. पण किती धुतला होता? मळेवाल्याने त्यावर काय मारलं होतं आणि कधी? हे तिने विचारलं नव्हतं. त्यामुळे तिला उत्तर देता येईना, आणि उत्तर आलं नाही म्हटल्यावर सासूला ते मिळाल्यासारखंच झालं.

"फवारलेला पाला," सासू म्हणाली. "इतकी वर्षं जगवले मी. त्या लाकडी खुराड्यात जगले. तुझा हात लागला आणि संपले."

त्या दिवसापासून सासू सुनेच्या हातचं पाणीही घेईना. मुलाला हाक मारायची. तारवाला काम टाकून यायचा, तांब्या भरून द्यायचा आणि बायकोकडे न बघता परत जायचा. त्याचं तरी काय चुकलं! दोघींच्या मध्ये पडलेला माणूस कुठं बघणार?

आणि त्याला वेळही नव्हता. गेली दोन वर्षं हाताने विणलेली जाळी कोणी मागत नव्हतं. बाजारात यंत्रावरची जाळी आली होती, गुंडाळीच्या गुंडाळी, स्वस्त. तारवाल्याने कुंपणं दुरुस्त केली, चाळण्यांना तळ लावले, उंदरांचे सापळे केले. मग उन्हाळ्याच्या तोंडाशी आईसाठी त्याने नवा पिंजरा केला. जुनं खुराडं पोपटांनी कुरतडून कुरतडून असं केलं होतं, की जावई केव्हाही डोकं बाहेर काढून गल्लीत काय चाललंय ते बघायचा. तारवाल्याने जस्त चढवलेली नवी तार आणली आणि असा पिंजरा विणला, की लोक दारात थांबून बघायचे. वर घुमट, घुमटाला वळणावळणाची वेल, दाराला तारेचंच फूल. चांदीचा वाटावा. जेवायला बोलावलं तर "आलो, ही पाकळी होऊ दे" म्हणायचा, आणि पाकळीमागून पाकळी.

तो पिंजरा गावोगाव पक्षी विकणाऱ्या पाखरंवाल्याने पाहिला आणि तिथल्या तिथे गाडीभर पिंजऱ्यांचं काम दिलं. हुबेहूब असेच. असेच चमकले पाहिजेत. ते नेण्याचा दिवस आता तोंडावर आला होता. ओसरीत पिंजऱ्यांची रास लागली होती, आणि ऊन आत आलं की ती रास अशी लखलखायची, की तिच्याकडे बघताना डोळे बारीक करावे लागायचे.

मोठीला परसात पुरलं. तारवालीण पुन्हा खिळ्यांच्या रांगेशी येऊन बसली. पण डोकं कामात नव्हतं. सासू रागावली याचं तिला नवल नव्हतं. पोपट का मेले, हा प्रश्न मात्र तिला सोडेना. दाताच्या फटीत काहीतरी अडकावं आणि जीभ राहून राहून तिथंच जावी, तसं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ती त्याच मळ्यातून त्याच वाफ्यातला पालक घेऊन आली. न धुता कोंबड्यांपुढे टाकला. कोंबड्यांनी फडशा पाडला. त्या संध्याकाळपर्यंत आणि पुढचे दिवसही ठणठणीत उकिरडा उकरत राहिल्या. तिने पोपटांच्या डब्यातले दाणेही मूठभर त्यांना घातले. काही नाही. एक पान तिने स्वतः चावून खाल्लं. मातीची चव लागली, बाकी काही नाही.

"हे काय चाललंय तुझं?" तारवाल्याने पक्कड हातात धरूनच विचारलं.

"बघतेय."

"काय बघतेयस?"

"पाला नव्हता, अहो. दाणेही नव्हते."

"मग काय होतं?"

"तेच बघतेय म्हटलं ना."

"बघ बाई," तो म्हणाला आणि तार दातांत धरून दुसरी वळवायला लागला. "पण बघता बघता तार पण ओढ. पाखरंवाला काय तुझ्या तपासासाठी थांबणार आहे?"

सासू जावयाला दुपारभर मांडीवर फडक्यात घेऊन बसायची. तो सारखं पाणी प्यायचा. विष्ठा पातळ, हिरवट, नुसतं पाणीच. छातीवरून बोट फिरवलं तर मधलं हाड सुरीच्या पात्यासारखं हाताला लागायचं. कधी कधी एक पाय नीट टेकत नसे, नशा केल्यासारखा तो कलंडायचा. तरी संध्याकाळी पिंजऱ्यात ठेवला, की दांडीवर चढण्याची त्याची धडपड चालायची, आणि दांडीवर बसला की चोच पुढे करून तो तार चावायचा. कट. कट. कट.

"चावू दे गं," सासू जणू स्वतःशीच म्हणाली. "तेवढंच करमतं त्याला."

ती अंघोळीला गेल्यावर तारवालीण पिंजऱ्याशी जाऊन उभी राहिली. तिने मागच्या बाजूच्या तारांवरून बोट फिरवलं. तार खरखरीत होती. या गुंडाळीवर जस्त जाडंभरडं बसलं होतं. कुठं गुठळी, कुठं गोठलेला थेंब. सरळ करताना त्याच थेंबांनी तिचे तळहात सोलून काढले होते, म्हणून तिला ती तार डोळे मिटूनही ओळखता आली असती. मग तिने दांडीच्या बाजूच्या तारांवरून बोट फिरवलं. तिथं तार गुळगुळीत होती. चमक गेलेली, करडी. एकही थेंब नाही.

थेंब गळून खाली ट्रेमध्ये पडले असतील म्हणून तिने ट्रे काढून पाहिला. भुसा, टरफलं, दोन पिसं. थेंब नव्हते.

पाखरंवाला यायच्या आदल्या दिवशी सकाळी जावई गेला. सासूच्या हातातच गेला. पंख एकदा पसरले, थरथरले, आणि मान मागे पडली. सासू रडली नाही. तिने त्याची पिसं बोटाने नीट बसवली, जशी काही पाहुण्याला जायचं होतं, आणि म्हणाली, "फावडं आण."

तारवालीण हलली नाही. "आई, पुरण्याआधी मला तो द्या."

"कशाला?"

"आत काय आहे ते बघायचंय."

"चिरणार?" सासूचा आवाज चढला. "मारलास ते पुरलं नाही?"

"मी मारला असेन तर तेही आतच दिसेल की."

सासू तिच्याकडे बघत राहिली. सून उलटून बोलली याचा राग तिच्या चेहऱ्यावर आला, थोडा थांबला, आणि त्याच्या जागी दुसरंच काहीतरी आलं. म्हातारीने आयुष्यात पुष्कळ कोंबड्या साफ केल्या होत्या. आत काय असतं ते तिला माहीत होतं. या वेळी काय असेल, ते मात्र तिलाही माहीत नव्हतं.

"मग माझ्यासमोर चिर," ती म्हणाली.

मागच्या पायरीवर पाट पालथा घालून दोघी बसल्या. तारवाला पुढच्या अंगणात पिंजऱ्यांना तळाचे ट्रे बसवत होता. त्याच्या हातोडीचा आवाज येत होता. सासूने पंख दोन्ही बाजूंना धरले. तारवालिणीने नवं ब्लेड घेतलं, छातीखालची पिसं ओली करून बाजूला केली आणि कातडी उभी कापली. मांस उरलंच नव्हतं. आतड्यांच्या वर ती कडक, जाड पिशवी होती, जिच्यात पाखरं खडे ठेवतात आणि दाणे दळतात. कोंबडीची असते ती लिंबाएवढी; ही शेंगदाण्याएवढी.

"सावकाश," सासू म्हणाली. "फाडू नकोस. कडेने घे."

"कडेनेच घेतेय."

"तिरपं धर ब्लेड. हां."

पिशवी उघडली. आत वाळूचे चार खडे, दाण्याचं पीठ झालेला चिखल, आणि त्या चिखलात काहीतरी चमकलं. तारवालिणीने ते ब्लेडच्या टोकाने बाहेर घेतलं, बोटावर पाणी टाकून धुतलं. पातळ, वेडावाकडा कपचा. आणखी एक. आणखी. पिशवीचं आतलं अस्तर कपच्यांच्या भोवती काळंनिळं पडलं होतं.

"खडा आहे?" सासूने डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं.

तारवालिणीने कपचा नखाने दाबला. तो वाकला. "खडा वाकत नाही, आई."

हातोडीचा आवाज चालूच होता. सासूने मान वळवून त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं, आणि तारवालिणीला कळलं, की आता आणखी काही सांगायला नको.

"जस्त," सासू म्हणाली.

"हो."

"तारेवरचं."

"दांडीच्या बाजूची तार बघा हात लावून. सगळी सोललीय."

सासूने जावयाचे पंख मिटले. हात फडक्याला पुसले, एकेक बोट वेगळं करून. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्याला सांगू नकोस."

तारवालिणीला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. "काय?"

"पोराला सांगू नकोस. पिंजरा करताना बघितलंस ना त्याला? दोन वर्षांनी माणूस हसला होता. हे ऐकलं तर पुन्हा पक्कड उचलणार नाही तो."

"आणि उद्या ओसरीतली रास जाईल ती?"

"लोकांच्या पोपटांना मी काय करू? माझे तीन गेले, कोणी आलं होतं?"

"आई, आणि माझ्यावर जे घातलंत ते?"

सासूने या प्रश्नावर खरोखरच विचार केला. "ते तू पेललंस ना इतके दिवस?" ती म्हणाली. त्यात टोमणा नव्हता. एखाद्या बैलाची ताकद जोखावी तशी ती बोलली. "आणखी थोडे दिवस पेल. पालकच होता म्हणायचं. मी पुन्हा नाही काढणार विषय. पाणीपण घेईन तुझ्या हातचं."

जावयाला पुरलं. कपचे आणि खडे तारवालिणीने कागदाच्या पुडीत ठेवले. का ठेवले ते तिने स्वतःला विचारलं नाही. दुपारभर ती तार ओढत राहिली. तिला राग यायला हवा होता. पण रागापेक्षा तिला दुसऱ्याच गोष्टीचं नवल वाटत होतं. दोष सुनेचा असता तर म्हातारी गल्लीभर सांगत सुटली असती, आणि तोच मुलाचा निघाला तर पायरीखाली पुरायला निघाली. एवढंसं ते वजन. पण एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर देताना ते इतकं वाढतं कसं?

ऊन उतरायला लागलं तेव्हा ती उठली आणि नवऱ्याच्या कामाच्या फळीपाशी गेली. तो शेवटच्या ट्रेच्या कोपऱ्यांना कथलाचा डाख देत होता. जवळ काचेच्या बरणीत ॲसिड होतं. डाख धरावा म्हणून आधी ॲसिडमध्ये जस्ताचे तुकडे विरघळवून घ्यावे लागतात. उकळी फुटल्यासारखे बुडबुडे येतात आणि जस्त नाहीसं होतं. हे काम तो बापाच्या हाताखाली असल्यापासून करत आला होता.

तिने पुडी उघडून फळीवर ठेवली.

"हे जावयाच्या पोटात होतं."

त्याने आधी तिच्याकडे पाहिलं, मग पुडीकडे. एक कपचा उचलला. अंगठ्याच्या नखाने वाकवला, उजेडाकडे धरला. मग त्याने चिमट्यात वाळूचा खडा धरला आणि बरणीतलं थोडं ॲसिड वाटीत ओतून त्यात सोडला. खडा तळाशी जाऊन गप्प बसला. दुसरा सोडला. तोही गप्प. मग त्याने कपचा सोडला.

बुडबुडे फुटले. कपचा त्यांच्याबरोबर वर आला, गरगरला, पुन्हा खाली गेला, बारीक होत गेला. दोघंही वाटीवर वाकून बघत राहिले. शेवटी खडे तेवढे उरले.

"पाखराच्या पोटात ॲसिड असतं?" त्याने विचारलं.

"काहीतरी असणारच. नाहीतर दाणे कसे जिरतील?"

"आणि हे विरघळून अंगात जातं."

"तसंच दिसतंय."

त्याने चिमटा खाली ठेवला. पुन्हा उचलला. पुन्हा ठेवला. "आईला माहीत आहे?"

तारवालिणीला खोटं बोलणं अवघड नव्हतं. एक मान हलवली असती तरी पुरलं असतं. "त्यांच्यासमोरच चिरला," ती म्हणाली. "तुम्हाला सांगू नकोस म्हणाल्या. पालकावरच राहू दे म्हणाल्या."

"तुझ्यावर."

"हो, माझ्यावर."

तो हसला. तोंड हसल्यासारखं झालं आणि तसंच राहिलं. "पाकळ्या करत बसलो होतो मी," तो म्हणाला. "त्यांना खायला." मग ओसरीत गेला आणि राशीपुढे हात लोंबकळत उभा राहिला.

पण पक्कड सोडून देईल असं जे म्हातारीला वाटलं होतं, तसं झालं नाही. थोड्या वेळाने त्याने व्हिनेगरचा डबा आणि तारेचा ब्रश काढला. अंधार पडेपर्यंत तो एकच पिंजरा घासत बसला. थेंब गेले, पांढरी पूड गेली, आणि चमकही गेली. पिंजरा जुन्या भांड्यासारखा करडा झाला. आई दारातून बघत होती. तिने एकदाच विचारलं, "काय करतोयस?" "घासतोय," तो म्हणाला. ती आत गेली.

सकाळी पाखरंवाला गाडी घेऊन आला. गोल, घामेजलेला, बोलका माणूस. राशीपुढे उभा राहून त्याने दोन्ही हात पसरले. "वा! काय झगमगाट आहे. चला, भरूया."

"हे देता येणार नाहीत," तारवाला म्हणाला. "पाखरं तारेवरचं जस्त खातात आणि मरतात. सगळे असे घासून देतो. चार दिवस थांबा." त्याने करडा पिंजरा पुढे केला. "तरी पूर्ण भरवसा नाही देत. चावणाऱ्या पाखरांना लाकडीच बरा."

पाखरंवाल्याने करडा पिंजरा फिरवून पाहिला. "अहो, हा कोण घेणार? गिऱ्हाईक पिंजऱ्याकडे बघून पोपट घेतं. आणि पाखरं काय, कशानेही मरतात. ऊन लागतं, मांजर येतं, डोक्यात काहीतरी येतं. तुम्हाला कोणी सांगितलं?"

तारवाल्याने तोंड उघडलं. पण त्याआधीच दारातून आवाज आला.

"मी सांगते," म्हातारी म्हणाली. चौकटीला धरून ती एक पायरी उतरली. "माझे तीन मेले. हा वर टांगलाय ना, ज्याला बघून तुम्ही काम दिलंत, त्याच्यात. माझ्या लेकाच्या हातचा आहे. शेवटचा आम्ही चिरून बघितला, मी आणि सुनेने. पोटात हेच निघालं."

गल्लीत दोन बायका थांबल्या होत्या. म्हातारीने त्यांच्याकडेही बघून घेतलं, सगळ्यांना ऐकू गेलं ना याची खात्री करावी तसं. तारवाला जमिनीकडे बघत होता. त्याचे कान लाल झाले होते.

पाखरंवाला थोडा वेळ टाळू खाजवत राहिला. "अवघड आहे," तो म्हणाला. "मला चमकणारेच हवेत. दुसरीकडे बघतो." तो गाडीवर चढला, बसला, आणि पुन्हा उतरला. करड्या पिंजऱ्याकडे बोट दाखवून, कोणाच्याच डोळ्याला डोळा न देता म्हणाला, "हा एक देता का? घरी दोन आहेत माझ्या. बायकोने पाळलेत."

तारवाल्याने तो दिला. त्या एका पिंजऱ्याखेरीज गाडी रिकामीच गेली.

दुपारनंतर तारवाल्याने आईचा पिंजरा हुकावरून काढला. तोडला नाही, तार वाया घालवणं त्याच्या हाताला ठाऊकच नव्हतं. दारावरच्या फुलापासून सुरुवात करून त्याने तो उलटा उसवायला घेतला, एकेक वळण सोडवत. कुंपणाला चालेल, म्हणाला. सुटलेल्या तारा तो मागे टाकत होता, आणि तारवालीण त्या खिळ्यांच्या रांगेतून ओढत होती. सासू येऊन तिच्याशेजारी ओंडक्यावर बसली आणि ओढलेल्या तारांची मोळी करायला लागली. पालकाबद्दल ती काही बोलली नाही. बोलेल असं सुनेला वाटलंही नव्हतं.

मोळी करता करता सासूचा हात थांबला. दांडीच्या बाजूची सोललेली तार तिच्या हाताला लागली होती. तिने ती बोटांनी चाचपली.

"इतकं काय होतं गं त्यात?" ती म्हणाली. "वाटीत दाणे होते. पाला होता. हेच का खाल्लं?"

"मलाही तेच कळत नाही."

"गोड असेल?"

"धातू कसा गोड असेल, आई?"

"तू खाऊन बघितलंयस?"

तारवालिणीने पालक खाऊन बघितला होता, दाणे बघितले होते, पोट उघडून बघितलं होतं. हे नव्हतं बघितलं. सासूने तार तोंडाशी नेली आणि जिभेचं टोक लावलं. डोळे मिटून थोडा वेळ तशीच बसली. अंगणात उन्हाची धग अजून होती. मोळी सावलीत पडून होती.

"काय लागतं?" सुनेने विचारलं.

"थांब." म्हातारीने पुन्हा जीभ लावली. मग तार तिच्याकडे दिली. "तू बघ."

सुनेने तार जिभेला लावली.

"या उन्हातही थंड," ती म्हणाली.

"थंडच ना?" म्हातारी म्हणाली. "मलाही तेच वाटलं."

तिकडे तारवाल्याचे हात थांबले होते. तो दोघींकडे बघत होता, आणि मग त्याने हातातली तार हळूच आपल्या तोंडाशी नेली.